नाकामालच्या वळणावरचा आवाज

हे लिहायचं नाही असं जवळजवळ ठरलंच होतं. नाकामालात, म्हणजे वडाखालच्या पुरुषांच्या बैठकीत, मिटलेली गोष्ट आमच्याकडं परत उकरत नाहीत. मिटली म्हणजे मिटली, तिचं नावसुद्धा काढायचं नाही. पण याउको स्वतःच म्हणाला, "लिही रे. फक्त माझं डुक्कर बारकं होतं असं लिहू नकोस." तर लिहितो. डुक्कर मोठं होतं.

त्या हंगामात वारा फिरला. यासुर डोंगर ज्वालामुखी आहे, तो रोजच गुरगुरतो, त्याचं कोणाला काही वाटत नाही. पण राख एरवी समुद्राकडं जायची, ती आता गावावर यायला लागली. टॅरोच्या, म्हणजे अळूच्या कंदाच्या, पानांना भोकं पडली, मग कडा काळ्या झाल्या, मग पानं माना टाकून बसली. कोबी कितीही धुतली तरी दाताखाली करकरायची. छपरावरून साठवलेलं पाणी प्यायलं की जिभेवर आंबट राहायचं. बागा बसल्या. ज्यांच्याकडं काही उरलं होतं ते लेनाकेलच्या बाजारात विकायचे आणि येताना तांदूळ आणि डब्यातले मासे घेऊन यायचे. म्हणजे सगळ्या गावाचं जेवण त्या वर्षी कापालुच्या गाडीवर होतं. आणि कापालुच्या घराचं तर होतंच होतं.

गाडी जुनी. मागं उघडा हौदा, त्यात बसायला आडव्या फळ्या, वर फाटकी ताडपत्री. उजाडता उजाडता कापालु उतारावरून खाली राखेच्या पठारावर जायचा, पायथ्याच्या वस्त्यांवरून बाया, पोती, पाय बांधलेल्या कोंबड्या, एखादं तापानं फणफणलेलं पोर असं सगळं भरायचा, परत चढ चढून गावातून पुढं, डोंगर ओलांडून लेनाकेल. संध्याकाळी उलट. त्याची बायको लेआ पुढच्या सीटवर बसायची. कोण कुठं उतरणार, कोणाचं पोतं कोणाच्या पायाखाली आलं, कोण कोणाशी बोलत नाही म्हणून कोणाला कुठं बसवायचं, हे सगळं ती बघायची. तिची विणलेली टोपली गिअरच्या शेजारच्या खुंटीला अडकवलेली असायची.

याउको लेआचा भाऊ. पण कापालुला तो मेव्हणा फार नंतर झाला. त्याआधी दोघं एका नाकामालातली पोरं, एकाच झाडावरून पडलेले. एकाच्या कपाळावर खूण, एकाच्या गुडघ्यावर.

हे सगळं झालं त्या आठवड्यात याउकोनं गाडी मागून नेली होती. त्याच्या मामाच्या मयताचं जेवण होतं, पलीकडच्या किनाऱ्यावरून बैल आणायचा होता. गाडी संध्याकाळी परत आली तेव्हा हौद्याला शेण लागलेलं, एका फळीचा तुकडा उडालेला. कापालुनं ते मनावर घेतलं नाही. बैल म्हटलं की एवढं होणारच.

दुसऱ्या दिवशी गाडी ओरडायला लागली.

गाव सोडून लेनाकेलकडं निघाल्यावर चढावरच्या पहिल्या वळणाला आधी कण्हल्यासारखा आवाज आला. मग खालून कोणीतरी हातोडा मारावा तसं कट्ट. स्टिअरिंग हातात जड झालं, जणू समोरून कोणी ओढून धरलंय. वळण संपलं आणि ठण् करून काहीतरी सुटलं. सगळी गाडी हिसका खाऊन सरळ झाली. मागच्या बाया एकदम गप्प.

"काय झालं?" लेआ म्हणाली.

"काय माहीत."

पुढच्या वळणाला पुन्हा तेच. डोंगरावर वळणं काही कमी नाहीत.

कापालु संध्याकाळी दुकानाशी थांबला. याउको तिथं रॉकेलचा डबा घेऊन उभा होता. आजूबाजूला माणसं होती. कापालुनं ती बघायला पाहिजे होती, पण त्याच्या हातांना दिवसभर हिसके बसले होते आणि डोकं तापलं होतं.

"काय केलंस गाडीचं?"

"कुठं काय? बैल आणला."

"बैल आणलास की बैलाला चालवायला दिलीस?"

कोणीतरी फिदीफिदी हसलं. याउकोनं डबा खाली ठेवला.

"दाजी, मी दगडावर घातली नाही, खड्ड्यात घातली नाही. नेली तशी आणली."

"मग रात्रीत तिला काय भूत लागलं? तू न्यायच्या आधी ही बाई गप्प होती. आता वळणावर किंचाळतेय. फोडलीस आणि फोडली म्हणायची हिंमत नाही, एवढंच."

याउकोनं डबा उचलला आणि गेला. झाकण नीट बसलं नव्हतं, वाटेवर रॉकेलचे ठिपके पडत गेले.

लेआनं त्या संध्याकाळी लापलाप, कंद किसून पानात भाजलेलं, वाढलं, पण स्वतः चुलीकडं तोंड करून जेवली.

"बोल की काहीतरी," कापालु म्हणाला.

"तू बोललास तेवढं पुरे आहे दोन घरांना."

नाकामालात गोष्ट गेलीच. जाणारच होती. वडाखाली नुमालिन काका बसले होते. गावातलं भांडण त्यांच्यापुढं जातं. याउकोनं उभं राहून सरळ सांगितलं, "गाडी माझ्या हातात होती. माझ्या हातात असताना बिघडली असं दाजी म्हणतो. मला तसं काही जाणवलं नाही. पण त्याच्या घराशी मला वैर नको. पुढच्या बाजाराच्या दुसऱ्या दिवशी मी डुक्कर आणतो."

"कुठलं डुक्कर?" कोणीतरी विचारलं. सगळ्यांना माहीत होतं. त्याच्याकडं एकच होतं.

ते डुक्कर त्यानं पोरासाठी वाढवलं होतं. पोराची सुंता या हंगामात होती. बरोबरीची पोरं रानात जाऊन राहणार, परत येणार, नाच होणार, जेवण होणार. बापाकडं डुक्कर नसेल तर पोरगा पुढच्या खेपेपर्यंत थांबणार आणि तोवर त्याच्या वयाचे सगळे पुरुषांत बसणार.

एवढं नको होतं, असं कापालुला वाटलं. पण शब्द सगळ्यांसमोर गेलेला होता. काकांनी त्याच्याकडं पाहिलं, त्यानं मान खाली घातली. काका म्हणाले, "ठीक. त्या दिवशी डुक्कर ठेवा, हात मिळवा, मग याबद्दल कोणी कधी बोलायचं नाही."

म्हणजे त्या दिवशी हात मिळाला की झालं. याउकोनं गाडी फोडली हे मग कायमचं. खरं असो नसो.

*

पुढचे दिवस कापालु गाडी कानानं चालवत होता.

मागच्या बाया तर सगळ्याच मेकॅनिक झाल्या. राहेल मावशी हौद्यात चाकाच्या डोक्यावर बसायची. ती म्हणाली, "हा हाडाचा आवाज आहे. माझ्या नवऱ्याचा गुडघा असाच वाजायचा. पानं बांध गरम करून."

"कशाला बांधू मावशी, गाडीला गुडघा कुठं असतो?"

"शोध म्हणजे सापडेल."

तबिताचं म्हणणं वेगळं. "खाली काहीतरी सैल आहे. माझ्या बुडाला कळतं. डाव्या बाजूला."

"तुझं बूड दोन्ही बाजूंना आहे तबिता," मागून कोणीतरी म्हणालं आणि हौदा हसून हसून हलला. पण पुढच्या वळणावर ठण् झालं आणि हसणं तिथंच थांबलं. राहेल मावशीनं मांडीवरचं नातवंड घट्ट धरलं.

दोन दिवसांनी तबिता फाट्यावर उभी दिसली. कापालुनं गाडी हळू केली. तिनं पायाच्या अंगठ्यानं राख उकरली.

"मागून किएलची गाडी येतेय ना?"

"येतेय."

"मग जा तू. वाईट वाटून घेऊ नको. मला पोरं आहेत."

कापालुनं गाडीखाली झोपून सगळं बघितलं. शाफ्ट हातानं धरून हलवला. दोन्ही टोकांच्या सांध्यांना कान लावून तो पिळला. नट एकेक पान्यानं आवळले. पुढची चाकं जॅकवर उचलून फिरवली, काही घासत नव्हतं. तेल काढून बोटांत चोळलं, लोखंडाचा कण नाही. पाठ राखेनं माखली, डोळ्यांत राख गेली, आणि सापडलं काहीच नाही. काही सापडलं असतं तर बरं झालं असतं. दगडाचा घाव, वाकलेलं काही. म्हणजे याउकोनं फोडली हे तरी खरं झालं असतं. हा विचार त्याच्या मनात आला आणि त्याला स्वतःचीच लाज वाटली.

बाजाराच्या दिवशी तो लेनाकेलला तोमासीकडं गेला. तोमासीचं गॅरेज म्हणजे दोन नारळांच्या मध्ये टाकलेला पत्रा आणि पुढं पांढऱ्या प्रवाळाच्या चुऱ्याचं मोकळं अंगण. तोमासीनं गाडी अंगणात गोल गोल फिरवली. चाकांखालून पांढरा धूर उडाला. आवाज नाही.

"कुठं ओरडते?"

"येताना प्रत्येक वळणाला ओरडली! लेआला विचार."

लेआ सीटवर बसून होती. "ओरडली," ती म्हणाली. आठवड्यात तिनं नवऱ्याच्या बाजूनं उच्चारलेला हा पहिला शब्द.

तोमासीनं आणखी एक फेरी मारली, उतरला, हात पुसले. "हिला माझी भीती वाटते. बरी होते माझ्याकडं आली की. हे बघ कापालु, गिअरची पेटी खोलून बघता येईल. पण एकदा खोलली की सामान लागणार, ते राजधानीतून, विलाहून येणार, आणि जहाज कधी येईल ते जहाजवाल्यालाही माहीत नाही. तोवर गाडी इथं नारळाखाली."

"आणि नाही खोलली तर?"

"मग ऐकत राहा."

लेनाकेलहून निघताना बाजारातल्या गर्दीत लेआनं एकदम काचेवर बोटं टेकवली. रस्त्याच्या कडेनं याउको चालला होता. खांद्यावर टॅरोचं ओझं, विकलं न गेलेलं. डोंगर ओलांडून पायी आला होता आणि पायीच परत निघाला होता. कापालुनं गाडी हळू केली. याउकोनं मान वळवली नाही. मागून किएलनं हॉर्न वाजवला. कापालु पुढं निघून गेला.

*

आमच्याकडं संध्याकाळी नाकामालाजवळून जाताना गाडीचं इंजिन बंद करतात. वडाखाली पुरुष कावा, म्हणजे गुंगी आणणाऱ्या मुळाचा रस, पीत असतात. पहिल्यांदा करवंटी रिकामी करायची, शेवटचा घोट तोंडातून फवाऱ्यासारखा उडवून पूर्वजांना हाक घालायची, आणि मग गप्प बसायचं. अशा वेळी पानाचा आवाजही कानाला टोचतो. इंजिनाचा तर डोक्यात घुसतो. म्हणून उतारावर फणसाच्या झाडापाशी पोचलं की किल्ली अर्धी फिरवायची, गिअर मोकळा करायचा, दिवे विझवायचे आणि गाडी तशीच घरंगळत वळणावरून खाली न्यायची. हे कोणी शिकवत नाही. सगळे करतात.

आठवडाभर कापालु कावाच्या वेळेआधीच परतत होता, आज तोमासीकडं उशीर झाला; त्यानंही तेच केलं. मागं दोनतीनच माणसं होती, तीही अर्धी झोपलेली. फणसापाशी इंजिन बंद झालं आणि सगळीकडं शांत. खाली वडाच्या बुंध्याशी निखाऱ्यांचा लाल ठिपका. कोणाचा तरी हाक घालण्याचा आवाज उठला आणि विरला.

गाडी वळणात शिरली.

आधी कण्हणं. त्या शांततेत ते इतकं लांबलं की कापालुला वाटलं आता संपणारच नाही. मग कट्ट. कट्ट. मग ठण्.

वडाखाली एकानंही मान वळवली नाही. वळवली असती तर बरं झालं असतं. कोणीतरी हळूच खोकलं, बस. त्या खोकल्यानं कापालुचे कान तापले. तो घरंगळत खाली गेला. लांब गेल्यावर इंजिन चालू करायला किल्लीला हात लावला आणि तसाच थांबला.

"काय?" लेआ म्हणाली.

"इंजिन बंद होतं."

"हो मग?"

"गिअर मोकळा होता."

"अरे मग काय?"

"मग ओरडलं कोण?"

लेआ त्याच्याकडं बघत राहिली. तो हातानं हवेत काहीतरी मांडत होता. "इंजिन नाही. क्लच नाही. गिअर नाही. फक्त चाकं फिरत होती. चाकं आणि चाकं ज्याला ओढतात ते. आणि सरळ रस्त्यावर काही नाही. वळलं की ओरडतं."

"उद्या सकाळी तो डुक्कर घेऊन निघेल," लेआ म्हणाली. एवढंच.

सकाळी चहाआधीच दोघं गाडी घेऊन फणसाच्या झाडाशी गेले. नाकामालात कोणी नव्हतं, एक कुत्रं निखाऱ्याच्या राखेत झोपलं होतं. कापालुनं इंजिन बंद करून गाडी घरंगळवली. लेआ बाजूनं पळत होती, परकर गुडघ्यापर्यंत उचलून.

"पुढच्या चाकाशी ऐक!"

"ऐकतेय! पुढं नाही!"

"मागं?"

"मागंही नाही! मधेच कुठंतरी!"

परत वर. परत खाली. या वेळी ती आत बसली आणि गाडीच्या तळाशी हात टेकवून वाकली. वळण आलं, कण्हणं सुरू झालं. लेआचा हात सरकत सरकत मधे आला, टोपलीपाशी. तिनं टोपली काढून मांडीवर घेतली आणि खुंटीवर मूठ आवळली.

ठण्.

"इथं आहे," ती म्हणाली. "ही खुंटी. आधी थरथरली, मग ताठ झाली, मग माझ्या हातात उडाली."

"ती खुंटी नाही," कापालु म्हणाला.

ती खुंटी नव्हतीच. ती चारही चाकं जोडायची दांडी होती. राखेच्या पठारावर चारही चाकांनी जोर लावला नाही तर गाडी पोटापर्यंत रुतते. ही दांडी झिजलेली, धक्का बसला की आपोआप मागं सुटायची. कधीकाळी भर राखेच्या पावसात ती सुटली आणि गाडी माणसांसकट रुतून बसली. तेव्हा कापालुनं ट्यूबची पट्टी कापून दांडी पुढं आवळून बांधून टाकली. पायथ्याकडं जाणाऱ्या सगळ्याच गाड्यांच्या दांड्या कशानं ना कशानं बांधलेल्या असतात. मग लेआनं तिला टोपली अडकवली. मग ती दांडी आहे हे दोघं विसरून गेले.

आणि रस्ता मातीचा होता तोवर विसरलं तरी चालत होतं. वळणावर पुढची चाकं लांबून जातात, मागची जवळून. मातीत आणि राखेत ज्याला घसरायचं ते घसरतं आणि हिशोब मिटतो. पण लेनाकेलकडून येणारा डांबरी रस्ता या हंगामात गावापर्यंत पोचला. बरेच दिवस पिंपं आडवी लावून बंद ठेवलेला होता, गाड्या कडेच्या मातीतून जायच्या. याउकोनं गाडी परत आणली त्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी पिंपं उचलली. कापालुनंच हात लावला होता उचलायला. तोमासीच्या पांढऱ्या अंगणात गाडी गप्प, पठारावर गप्प. डांबरावर चाक घसरत नाही, मग मधलं लोखंड पिळलं जातं, पिळलं जातं, आणि सुटतं.

कापालुनं चाकूनं पट्टी कापली. रबर उन्हानं आणि राखेनं दगड झालं होतं. दांडी मागं ओढली. हलेना. दोन्ही हातांनी ओढली. पाय टेकवून ओढली. लेआनं त्याच्या हातांवर हात ठेवून ओढली.

"पिळून बसलीय. थांब." त्यानं इंजिन चालू केलं, गाडी सरळ मागं घेतली, अगदी हळू, आणि तशातच दांडी खेचली. टक् करून ती मागं आली. इतकी सहज की लेआची टोपली तिच्या मांडीवरून उडाली आणि सुपाऱ्या, सुई-दोरा, कंगवा सगळं पायाशी सांडलं.

ते गोळा न करताच दोघं वर गेले, इंजिन बंद केलं, खाली आले. वळण आलं. स्टिअरिंग हातात लोण्यासारखं फिरलं. चाकांखाली डांबराची सळसळ, बाकी काही नाही. कुत्र्यानं डोकंही उचललं नाही.

कापालुला हसू आलं आणि लगेच गेलं.

"ऊन वर आलंय," लेआ म्हणाली. "तो निघाला असेल. आधी घरी चल."

"कशाला घरी?"

"रिकाम्या हातानं जाणार आहेस का?"

*

घरामागच्या बागेत कापालुचं कावाचं एक जुनं झुडूप होतं. राख पडली तरी ते तगलं होतं, कारण त्यानं त्याच्यावर रोज पानांचं छप्पर घातलं होतं. मुळं खोल गेलेली, जाड. ती त्यानं उपटली. लेआनं माती झाडली. मूळ हौद्यात आडवं मावलं नाही, तिरकं ठेवावं लागलं.

नाकामालात पोचले तेव्हा माणसं जमली होती. बाया कडेच्या झाडांपाशी उभ्या. याउको आणि त्याचा चुलतभाऊ खांद्यावर दांडकं घेऊन येत होते आणि दांडक्याला उलटं टांगलेलं डुक्कर. मोठं डुक्कर. दोघांचे गुडघे वाकत होते. पोटाखालचे केस जमिनीला लागत होते.

कापालु गाडीतून उतरून तसाच आत गेला. "काका, त्याला हात लावू नका. अजून ठेवू नका."

नुमालिन काकांनी भुवया वर केल्या. "आता काय राहिलं?"

"आवाज सापडला. याउकोनं काही फोडलं नाही. गाडी मीच बांधून ठेवली होती."

कुजबूज झाली. कोणीतरी म्हणालं, "डुक्कर बघून दया आली वाटतं." याउकोचा खांदा दांडक्याखाली लाल झाला होता.

"बोलण्यावर काय आहे," काका म्हणाले. "दुकानाशीही तू बोललाच होतास. ऐकव."

मग म्हातारे हौद्यात चढले. काकांना दोघांनी ढकलून चढवलं. कापालु याउकोला म्हणाला, "तूही चल." याउको म्हणाला, "माझं डुक्कर इथं कुत्र्यांत ठेवून?" आणि त्यानं डुक्करही हौद्यात चढवलं.

फणसापाशी इंजिन बंद झालं. दांडी कापालुनं मुद्दाम पुन्हा पुढं लावलेली होती. गाडी वळणात शिरली आणि डुकरानं असा काही गळा काढला की डोंगरावरची कबुतरं उडाली.

"कुठाय आवाज?" एक म्हातारा ओरडला.

"हाच काय?"

"अरे, त्या डुकराचं तोंड दाबा कोणीतरी!"

"तू दाब, तुझं बोट जास्तीचं असेल तर!"

शेवटी डुक्कर खाली उतरवलं, बायांकडं दिलं. पुन्हा वर. पुन्हा इंजिन बंद. या वेळी सगळ्यांनी ऐकलं. कण्हणं, कट्ट, ठण्. हौद्यातल्या फळीखाली हिसका बसला. काकांनी दोन्ही हात फळीवर टेकवले. मग कापालुनं गाडी जरा मागं घेऊन दांडी काढली, वर गेला, पुन्हा घरंगळला.

सळसळ. बस.

काका म्हणाले, "परत."

परत झालं.

"आता ओरडणारी."

ओरडणारी झाली. म्हातारे आता वळण यायच्या आधीच मान पुढं काढून बसत होते. राहेल मावशीचा थोरला दीर तर ठण् व्हायच्या क्षणी बोट वर करायला लागला. बाया झाडांपाशी हसत होत्या. किएल आपल्या गाडीच्या खिडकीतून आत वाकून बघत होता, त्याच्याही दांडीला नारळाचा दोर बांधलेला होता, फक्त तो सैल होऊन दांडी केव्हाच मागं सुटली होती.

काका उतरले, धोतरासारखं गुंडाळलेलं कापड झटकलं. "गाडीचं ऐकलं. आता तू काय ते बोल."

कापालुनं हौद्यातून कावाचं मूळ ओढून काढलं आणि याउकोसमोर जमिनीवर ठेवलं. त्यानं मनात बरंच काही जुळवलं होतं. त्यातलं काही आठवलं नाही.

"दुकानाशी सगळ्यांसमोर बोललो. म्हणून सगळ्यांसमोर बोलतो. तू फोडली नाहीस. तू सांगितलंस आणि मी ऐकलं नाही."

याउकोनं वाकून मूळ चाचपलं. मग त्यानं हात पुढं केला. हात मिळाला. काका म्हणाले, "मिटलं."

माणसं पांगली. मिटलं की पांगतात.

याउकोनं डुकराचे पाय सोडले, गळ्याला दोर बांधला आणि ते हाकत रस्त्याला लागला. खांद्यावर कावाचं मूळ. कापालु थोडा वेळ गाडीपाशी उभा राहिला, मग त्याच्यामागून चालायला लागला. लेआनं पाहिलं आणि गाडीतल्या सुपाऱ्या वेचायला खाली वाकली.

दोघं डुकराच्या चालीनं चालले. जे बोलायचं होतं ते आता बोलायचं नव्हतं. मिटलेलं होतं. डुक्कर मधेच थांबून राखेत नाक खुपसायचं, याउको दोर ओढायचा.

"वजन बरं आहे," कापालु म्हणाला.

"आहे."

"पोराला पाठवतोस कधी रानात?"

"बाकीची जातील तेव्हा."

डुकरानं पुन्हा राखेत नाक खुपसलं.

"वारा आज जरा फिरल्यासारखा वाटतोय," कापालु म्हणाला.

याउकोनं आकाशाकडं बघितलं. यासुरचा धूर खरंच थोडा समुद्राकडं कलला होता. "थोडासा."

"टॅरो खपला नाही वाटतं तुझा त्या दिवशी."

"पायी गेल्यावर उशीर होतो. उशीर झाला की माणसं निम्मी गेलेली असतात." याउकोनं हे डुकराकडं बघत सांगितलं.

"पुढच्या बाजाराला लवकर निघतो मी."

"निघ की."

"तुझ्या फाट्यावर थांबतो."

"कशाला? गाडी भरलेली असते तुझी."

"असू दे."

"बाया ओरडतील. राहेल मावशी तर शिव्या घालेल."

"घालू दे."

याउको थांबला. त्यानं कापालुकडं नीट बघितलं, दुकानाशी बोलणं झालं त्या दिवसापासून पहिल्यांदा. याउकोच्या कपाळावरची जुनी खूण उन्हात चमकत होती. "आणि मी नाही आलो तर?"

"तर थांबेन," कापालु म्हणाला. "बाया उतरून किएलच्या गाडीत गेल्या तरी थांबेन. तू टॅरो घेऊन येईपर्यंत गाडी हलणार नाही. शब्द देतो तुला."